काच खाली होते, दार उघडत नाही

पेण, वडखळ, नागोठणे, मग कोलाडहून रोह्याचा फाटा. मुंबई-गोवा महामार्गावर रात्री दुचाकी घसरते. गाड्या हळू होतात, काचा खाली येतात. उतरत मात्र कुणी नाही.

माणुसकी आटली, असं म्हणणं अन्यायाचं आहे. धास्ती असते ती जबाबाची, कोर्टाच्या खेपांची. परमुलखात ती दुणावते. तिथे ना ओळखीचं माणूस, ना दवाखान्याचा पत्ता ठाऊक.

कायदा मदत करणाऱ्याच्याच बाजूने आहे. सर्वोच्च न्यायालयाने २०१६ मध्ये त्याच्या संरक्षणाच्या मार्गदर्शक सूचनांवर शिक्कामोर्तब केलं. २०१९ च्या दुरुस्तीने मोटार वाहन कायद्यात याच संरक्षणासाठी कलम १३४-अ आलं. नाव सांगायचीही सक्ती नाही.

हे वडखळ नाक्यावरच्या टपरीवर, कोलाडच्या रिक्षा स्टँडवर ठळक मराठीत लिहायला हवं. शेजारी रुग्णवाहिकेचा क्रमांक: १०८.