पोटाला चिमटा काढून फेडलेले कर्ज



मार्चअखेर जवळ आली की जिल्हाभर वसुलीचे मेळावे भरतात. मंचावर संचालक, पुढारी, सोसायटीचा चेअरमन आणि कडेला फायली घेऊन गटसचिव. अशा मेळाव्यात हमखास एखाद्या शेतकरी जोडप्याचा सत्कार होतो. यांनी काटकसर केली, पोटाला चिमटा काढला, पण सोसायटीचा पैसा बुडवला नाही, बाकीच्यांनी यांच्याकडून शिकावे, असे भाषण होते. शाल-नारळ होतो, टाळ्या पडतात. नवऱ्याशेजारी ती बाई मान खाली घालून उभी असते. तिला बोला म्हणून कोणी माईक देत नाही.

त्या जोडप्याबद्दल मला आदरच आहे. घेतलेला पैसा परत करण्यासाठी धडपडणाऱ्याची टिंगल करणे हे चळवळीचे काम नव्हे. पण मंचावरून जो धडा दिला जातो तो खोटा आहे. काटकसरीने कर्ज फिटते, तेव्हा ज्याचे फिटले नाही तो उधळ्या, असा त्याचा अर्थ होतो. खरे-खोटे हिशेबाने ठरवू.

आपल्या संगमनेर तालुक्यातले घर धरू. घारगाव-साकूरकडचा पठार भाग. तीन एकर जमीन, दिवाळीनंतर तळ गाठणारी विहीर, थोडा कांदा, बाकी बाजरी आणि दावणीला तीन संकरित गायी. घरात पाच माणसे. सोसायटीचे आणि गायीचे मिळून अडीच लाख देणे. कुटुंबाने ठरवले, पाच वर्षांत फेडायचे. म्हणजे व्याज बाजूला ठेवले तरी वर्षाला ५० हजार.

आता काटकसर करा. महिन्याला पाच किलो तेल लागत होते ते तीनवर आणले. किलोला दीडशे रुपये धरले तर वर्षाचे ३,६०० वाचले. नवे कपडे बंद, ६,०००. जत्रा, देवदर्शन, दिवाळीचा फराळ आटोक्यात, ५,०००. मोटारसायकल आठवड्याच्या बाजारापुरतीच, पेट्रोलचे ६,०००. झाले २०,६००. अर्धेही नाहीत! मग हात जातो घरात राहणाऱ्या दुधाकडे. पोरांसाठी ठेवलेले दीड लिटर दूध डेअरीच्या किटलीत ओतले. लिटरला ३० रुपये धरले तर वर्षाचे १६,४२५. एकूण ३७,०२५. उरलेले तेरा हजार कुठून येणार? म्हातारीचे मोतीबिंदूचे ऑपरेशन पुढच्या वर्षावर जाते. मुलीला बारावीनंतर घरी बसवले जाते. शेणखताची ट्रॉली येत नाही. पेंडीत हात आखडतात, आणि पेंडीत हात आखडला की चार दिवसांत दूध उतरते हे कोणत्याही गायवाल्याला सांगायला नको.

असे ५० हजार जमतात. जमतात हे नाकारत नाही. आता दुसरी बाजू पाहा.

जुलै २०२३ मध्ये राज्य सरकारने गायीच्या ३.५ फॅट व ८.५ एसएनएफच्या दुधाला लिटरला ३४ रुपये दर ठरवून दिला. त्याच वर्षाचा हिवाळा येईपर्यंत दर २७ रुपयांच्या आसपास आला. आपल्या या घरातून रोज वीस लिटर दूध जाते असे धरू. लिटरमागे ७ रुपये, दिवसाला १४० रुपये. वर्षभर तोच दर राहिला तर ५१,१०० रुपये.

एका बाजूला तेल, कपडे, पोरांचे दूध, म्हातारीचे डोळे आणि मुलीचे कॉलेज मिळून ५० हजार. दुसऱ्या बाजूला दराच्या एका घसरणीत ५१ हजार. ही घसरण काही या घराने चहात साखर जास्त घातली म्हणून झाली नाही. जानेवारी २०२४ मध्ये लिटरला ५ रुपये अनुदान जाहीर झाले, तेही ठरावीक मुदतीपुरते आणि कागदपत्रे व गायीच्या कानातला बिल्ला जुळला तर.

कांद्याचे तेच. १९ ऑगस्ट २०२३ रोजी निर्यातीवर ४० टक्के शुल्क, ८ डिसेंबरला थेट निर्यातबंदी, ती उठली मे २०२४ मध्ये, आणि शुल्क पूर्ण गेले एप्रिल २०२५ मध्ये. शहरातल्या गृहिणीचे बजेट सांभाळण्यासाठी ही काटकसर कोणाच्या घरात करवून घेतली? सरकारला महागाई आवरायची असते तेव्हा तो खर्च सरकार आपल्या तिजोरीतून करत नाही, तुमच्या माजघरातून करते. उणे सबसिडी हा शब्द आपण शिबिरांतून ऐकला. ती डोळ्यांनी पाहायची असेल तर पोरांच्या रिकाम्या पेल्यात पाहावी.

हा उपदेश जुना आहे. १८७५ साली मे महिन्यात सुप्याला उठाव झाला, आपल्या नगर जिल्ह्यातही पारनेर, श्रीगोंदे, कर्जत भागात सावकारांच्या वह्या जळाल्या. तेव्हाही साहेबलोक म्हणत होते की कुणबी लग्नकार्यात पैसा उडवतो म्हणून कर्जात बुडतो. इंग्रज सरकारनेच नेमलेल्या चौकशी आयोगाने तपास केला आणि लिहून ठेवले की लग्नाच्या खर्चाचा फार बाऊ केला गेला आहे. तो कर्जाच्या खात्यातली एक बाब असतो, पण कर्जाचे मूळ क्वचितच असतो. सरकारच्या माणसांना दीडशे वर्षांपूर्वी कळलेली गोष्ट आपल्याच पोटच्या पुढाऱ्यांना कळत नाही!

याचा अर्थ लग्नात डीजे लावा, तीन एकरांवर ट्रॅक्टर घ्या, असा कोणी घेऊ नये. सत्यशोधकांनी साधी लग्ने लावली ती कोणाचे हप्ते फेडण्यासाठी नव्हे. वायफळ खर्च टाळणे हे शहाणपण आहे आणि त्यासाठी वसुली अधिकाऱ्याचा उपदेश लागत नाही. चळवळीनेही १९९१ साली सीताशेती, माजघर शेती सांगितली ती विकतचा खर्च कमी करून घरात चार पैसे राहावेत म्हणूनच. मानपान कमी करणे वेगळे आणि लेकराचे दूध कमी करणे वेगळे. सत्काराच्या भाषणात या दोन्हींना काटकसर हाच एक शब्द वापरतात, ही खरी लबाडी.

आणखी एक बोलले पाहिजे, आपल्या पुरुषांना ते आवडले नाही तरी. घरातली काटकसर सगळ्यांच्या वाट्याला सारखी येत नाही. आधी तिच्या ताटातली भाजी जाते, मग तिचे औषध, मग तिचे माहेरी जाणे. संगमनेर शहरात आणि भोवतालच्या गावांत बायका सूप मांडीवर घेऊन विड्या वळतात. त्या पैशातून हप्ता गेला की घरमालक म्हणतो, काटकसरीने भागवले. अहो, ती काटकसर नाही, ती रात्रीची मजुरी आहे! चांदवडला १९८६ साली लाखो शेतकरी महिला जमल्या आणि पुढे लक्ष्मीमुक्तीत बायकोच्या नावावर जमीन करण्याचा प्रश्न आला, त्यामागे ही न मोजलेली मजुरी होती. देशपातळीवर २०१८-१९ च्या सरकारी पाहणीत शेतकरी कुटुंबाचे महिन्याचे सरासरी उत्पन्न १०,२१८ रुपये निघाले. त्यात पिकातून ३,७९८ आणि मजुरीतून ४,०६३. शेतकऱ्याचे घर पिकापेक्षा मजुरीवर जास्त चालते हे सरकारचेच कागद सांगतात.

मग कर्जमाफीच्या वेळी या काटकसरी घराचे काय होते? पुणतांब्यातून १ जून २०१७ ला संप सुरू झाला, त्यानंतर दीड लाखापर्यंतची माफी आली. २०१९ च्या अखेरीस दोन लाखांपर्यंतची आली. दोन्ही वेळा मुख्य लाभ थकबाकीदाराला. नियमित फेडणाऱ्याला आधी २५ हजारांपर्यंत आणि नंतर ५० हजारांपर्यंत प्रोत्साहन कबूल झाले, ते दुसरे पैसे हातात पडू लागले २०२२ मध्ये. ज्याने पोरांचे दूध विकून खाते नील केले तो पारावर मूर्ख ठरला आणि ज्याला ते जमलेच नाही तो चोर. शेजाऱ्या-शेजाऱ्यांत लावून दिलेले हे भांडण राज्यकर्त्यांना सोयीचे आहे. थकलेल्याला दर मिळाला नाही, फेडणाऱ्यालाही मिळाला नाही. फरक इतकाच की फेडणाऱ्याने तूट घरातून भरून काढली. म्हणून पुढच्या कर्जमुक्तीच्या मागणीत नियमित फेडणाऱ्याचा आकडा प्रोत्साहन म्हणून तळटीपेत नको. त्याने जे भरले ते त्याचे येणे आहे, अशीच मागणी ठरावात लिहिली पाहिजे.

त्यासाठी जिल्हा बैठकीला येताना सोसायटीच्या पासबुकाबरोबर दुधाच्या दहा दिवसांच्या पगाराच्या पावत्या आणि कांद्याच्या पट्ट्या आणाव्यात. शिवाय एका वहीत वर्षभरात घरात काय काय बंद केले ते लिहून आणावे. ही वही घरच्या बाईने सांगावी आणि शिकलेल्या मुलीने लिहावी. पुरुषांनी लिहिली तर त्यात तेल आणि पेट्रोलच येईल. तालुक्यातून अशा पन्नास वह्या जमल्या तरी ठरावाला जोडता येतील. पावत्या हरवल्या असतील तर डेअरीच्या सचिवाकडे मागा, त्याच्या रजिस्टरला नोंद असते.