जॉर्जियाचे तीन गव्हर्नर आणि यादीतून गाळलेले मतदार

अमेरिकेच्या दक्षिणेत जॉर्जिया नावाचं राज्य आहे. जानेवारी १९४७मध्ये तिथे गव्हर्नरपदावर तिघांनी हक्क सांगितला. एकाने रातोरात कार्यालयाचा ताबा घेऊन कुलपं बदलली. दुसऱ्याने बाहेर दालनातल्या चौकशीच्या टेबलावर आपलं कामकाज मांडलं. तिसरा म्हणत होता, खरा वारस मीच. कुणालाही अधिकृत आदेश काढता येऊ नयेत म्हणून राज्याचे सचिव बेन फोर्टसन यांनी राजमुद्रा आपल्या चाकाच्या खुर्चीच्या गादीखाली लपवून ठेवली.

‘तीन गव्हर्नरांचा वाद’ म्हणून ही घटना प्रसिद्ध आहे आणि सांगणारे ती हसत हसत सांगतात. माझी हरकत तिथेच आहे. जानेवारीतला तमाशा सगळ्यांच्या लक्षात राहिला. पण त्याआधी सहा महिने, जुलै १९४६मध्ये, कागदोपत्री आणि कायद्याच्या चौकटीत जे घडलं, ते त्याहून कितीतरी गंभीर होतं.

त्या काळी जॉर्जियात डेमोक्रॅटिक पक्षाशिवाय दुसऱ्या पक्षाला स्थान नव्हतं. पक्षाची प्रायमरी, म्हणजे उमेदवार ठरवणारी अंतर्गत निवडणूक, जो जिंकेल तोच गव्हर्नर. नोव्हेंबरची मुख्य निवडणूक हा निव्वळ उपचार. आणि या प्रायमरीत मत देण्याचा अधिकार फक्त गोऱ्यांना होता. पक्ष ही खासगी संस्था आहे, तिने कुणाला आत घ्यावं हा तिचा प्रश्न, असा त्यामागचा युक्तिवाद. कृष्णवर्णीय माणसाला नोव्हेंबरमध्ये मत देऊ द्यायचं, पण निकाल जुलैमध्येच लावून टाकायचा, अशी ही सोय होती.

कोलंबस शहरातले प्रायमस किंग हे न्हावीकाम करणारे आणि धर्मोपदेश करणारे गृहस्थ. ४ जुलै १९४४ रोजी ते प्रायमरीत मत द्यायला गेले आणि त्यांना हाकलून दिलं गेलं. त्यांनी दावा दाखल केला. त्याच वर्षी एप्रिलमध्ये अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टाने टेक्सासमधली गोऱ्यांची प्रायमरी घटनाबाह्य ठरवली होती. किंगही जिंकले आणि एप्रिल १९४६मध्ये सुप्रीम कोर्टाने पक्षाची बाजू ऐकून घ्यायला नकार दिल्यावर जॉर्जियातला हा मार्ग कायमचा बंद झाला. मावळते गव्हर्नर एलिस अर्नॉल यांनी या निकालाला बगल देण्यासाठी खास अधिवेशन बोलावलं नाही. त्यांच्याच काळात मतदानावरचा कर रद्द झाला होता आणि मतदानाचं वय १८ वर आलं होतं. थोडक्यात, दरवाजा उघडला होता. काही महिन्यांत सव्वा लाखाच्या आसपास कृष्णवर्णीय नागरिकांची मतदार म्हणून नोंद झाली.

यूजीन टॅलमेज यांनी नेमकं याच गोष्टीला निवडणुकीचा मुद्दा केलं. हा तीन वेळा गव्हर्नर झालेला नेता उघडपणे गोऱ्यांची प्रायमरी परत आणण्याचं वचन देत होता. त्यांच्यासमोर जेम्स कारमायकेल होते. ते वकील होते आणि युद्धकाळात मॅरिएटा इथल्या बॉम्बर विमानांच्या कारखान्याचा कारभार त्यांनी सांभाळला होता.

राज्याच्या कायद्यात एक तरतूद होती. कुणीही नागरिक दुसऱ्या मतदाराच्या पात्रतेवर हरकत घेऊ शकत होता. मग ज्याच्यावर हरकत आली त्याने हजर राहून आपण पात्र असल्याचं सिद्ध करायचं. वरवर पाहता यात वावगं काही नाही, बोगस नावं काढायला अशी सोय लागतेच. टॅलमेज यांच्या लोकांनी मात्र हरकतींचे तयार छापील अर्ज काउंट्या-काउंट्यांत वाटले आणि कृष्णवर्णीयांची नावं त्यात भरली गेली. शेतावर मजुरी करणाऱ्या माणसाने कामाचा दिवस बुडवून गोऱ्या अधिकाऱ्यांसमोर उभं राहायचं, आपल्याला लिहिता-वाचता येतं, आपण सज्जन आहोत, हे पटवून द्यायचं. हजारो नावं अशी गाळली गेली. कुणी गोळी झाडली नाही, मतपेटी पळवली नाही. फक्त कागद फिरला.

जिथे कागद पुरा पडला नाही, तिथे बंदूक आली. महायुद्धात लढून आलेले मेसियो स्नाइप्स यांनी १७ जुलै रोजी टेलर काउंटीत मत दिलं. तिथे त्या दिवशी मत देणारे ते एकमेव कृष्णवर्णीय होते. दुसऱ्याच दिवशी गोऱ्यांनी त्यांना घरासमोर गोळ्या घातल्या. दोन दिवसांनी ते मरण पावले. या हत्येबद्दल कुणालाही शिक्षा झाली नाही.

आता निकाल पाहा. कारमायकेल यांना टॅलमेज यांच्यापेक्षा सुमारे १६ हजार मतं जास्त पडली. तरीही ते हरले. कारण जॉर्जियात मतं नव्हे, ‘युनिट’ मोजले जात. सर्वांत मोठ्या ८ काउंट्यांना प्रत्येकी ६, त्यानंतरच्या ३० काउंट्यांना ४ आणि उरलेल्या १२१ काउंट्यांना प्रत्येकी २ युनिट. एकूण ४१०. काउंटीत जो पुढे, त्याला तिथले सगळे युनिट. म्हणजे अटलांटा शहर जिच्यात येतं त्या फुल्टन काउंटीतल्या लाखो लोकांची बरोबरी तीन खेडेगावी काउंट्या सहज करत. टॅलमेज यांना २४२ युनिट मिळाले, कारमायकेल यांना १४६. ज्या ग्रामीण काउंट्यांत कृष्णवर्णीयांची मोठी वस्ती होती, तिथे मत देणारे बहुतेक गोरेच असले तरी काउंटीचं वजन तिळभरही कमी होत नव्हतं.

इथून पुढचा प्रसिद्ध तमाशा सुरू होतो. टॅलमेज आजारी होते. ते वाचणार नाहीत हे ओळखून समर्थकांनी नोव्हेंबरमध्ये काही मतपत्रिकांवर त्यांचा मुलगा हर्मन याचं नाव हाताने लिहिलं. २१ डिसेंबरला टॅलमेज वारले. आता उरलेल्यांपैकी सर्वाधिक मतं मिळालेल्या दोघांतून विधिमंडळाने गव्हर्नर निवडावा, असा दावा पुढे आला. मोजणीत हर्मन मागे पडत होता. तेव्हा टॅलमेज कुटुंबाच्या टेलफेअर काउंटीतून त्याच्या नावाची पन्नासहून अधिक मतं ऐनवेळी ‘सापडली’ आणि तो ६७५ मतांसह पुढे गेला. १५ जानेवारीच्या पहाटे विधिमंडळाने १६१ विरुद्ध ८७ मतांनी ३३ वर्षांच्या हर्मनला निवडलं. अर्नॉल यांनी पद सोडायला नकार दिला, आणि नंतर सोडलं ते नवनिर्वाचित लेफ्टनंट गव्हर्नर मेल्विन थॉम्पसन यांच्यासाठी. ‘अटलांटा जर्नल’चे पत्रकार जॉर्ज गुडविन टेलफेअरला जाऊन पोहोचले. मतदान केलेल्यांच्या यादीत मेलेली माणसं होती, गाव सोडून गेलेली होती आणि एका ठिकाणी तर मतदार चक्क वर्णानुक्रमाने मत देऊन गेले होते. या बातमीला पुढे पुलित्झर पुरस्कार मिळाला.

१९ मार्च १९४७ रोजी राज्याच्या सुप्रीम कोर्टाने थॉम्पसन यांच्या बाजूने कौल दिला. न्याय झाला, असं सगळे म्हणाले. पण कोर्टापुढचा प्रश्न एवढाच होता की गव्हर्नर मेल्यावर खुर्ची कुणाची. जुलैमध्ये ज्यांची नावं गाळली गेली, ते या खटल्याचा विषयच नव्हते. दीड वर्षाने, १९४८च्या निवडणुकीत, हर्मन रीतसर जिंकून त्याच खुर्चीवर बसला. युनिट पद्धत शाबूत होतीच.

ती मोडायला १९६३ उजाडलं. ग्रे विरुद्ध सँडर्स या खटल्यात सुप्रीम कोर्टापुढे हिशेब आला, तो असा : १,८७६ लोकसंख्येच्या इकोल्स काउंटीला २ युनिट आणि ५,५६,३२६ लोकसंख्येच्या फुल्टनला ६. म्हणजे इकोल्समधला एक माणूस फुल्टनमधल्या ९९ माणसांच्या बरोबरीचा. न्यायमूर्ती विल्यम डग्लस यांनी ‘एक व्यक्ती, एक मत’ हे सूत्र मांडलं ते या निकालात.

मृतांच्या नावाने पडलेली मतं पकडायला एक जिद्दी पत्रकार पुरला. जिवंतांची गाळलेली नावं मात्र बातमीच्या मथळ्याखाली दबून गेली. याचं कारण उघड आहे. मेलेल्याने मत दिलं तर हसू येतं, संताप येतो. जिवंत माणसाला कागदावर नाहीसं केलं तर त्यात दिसण्यासारखं काही उरतच नाही. तो मतदान केंद्रावरून निमूटपणे घरी जातो.

डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी नोव्हेंबर १९४९मध्ये संविधान सभेत मताच्या समान मूल्याचा आग्रह धरला होता. आपल्याकडे नमुना ७ भरून मतदारसंघातला कुणीही मतदार दुसऱ्याच्या नावावर आक्षेप घेऊ शकतो. ही तरतूद वाईट नाही, ती असायलाच हवी. प्रश्न तिच्या वापराचा आहे. आक्षेप एकेकट्या नावांवर येतात की ठरावीक वस्तीतल्या नावांवर गठ्ठ्याने? पुरावा कोण देतो, आक्षेप घेणारा की ज्याच्यावर आक्षेप आहे तो? नोटीस वेळेत पोहोचते का? रोजंदारी बुडाली तर भरपाई कोण करतं?

निवडणूक जाहीर झाली की आपण सभांची गर्दी मोजतो, उमेदवारांच्या जातीची गणितं मांडतो, मतमोजणीच्या दिवशी टीव्हीसमोर बसतो. माझं म्हणणं एवढंच आहे की मतदार यादी प्रसिद्ध होते तो दिवसही तितकाच महत्त्वाचा मानावा. आपलं नाव बघावं, शेजाऱ्याचं बघावं, आणि ज्याला वाचता येत नाही त्याचं तर आधी बघावं. जॉर्जियातले लोक हरले ते मतदानाच्या दिवशी नव्हे, त्याच्या काही आठवडे आधी, काउंटीच्या कचेरीत.