सुटली म्हणता, कोण सुटली?

मी गोदीत माल उतरवतो. माझी धाकटी बहीण हिंजवडीत अमेरिकेतल्या गिऱ्हाइकाचं सॉफ्टवेअर तपासते. वस्तीतले म्हणतात, तुझी बहीण सुटली रे! मीही तेच म्हणायचो. आता जीभ वळत नाही.

न्यूयॉर्क आपल्या मागं उन्हाळ्यात साडेनऊ तास, हिवाळ्यात साडेदहा. तिथल्या साहेबाची सकाळ ती हिची रात्र. मीटिंग कुणाच्या सोयीनं, हे पैसा ठरवतो. १४ एप्रिलच्या रात्री वस्तीत मिरवणूक, आणि ही कानाला हेडफोन लावून बसलेली. त्यांच्या कॅलेंडरात ती तारीख साधीच.

काम काय? दुसऱ्याच्या प्रोग्रॅममधली खोट शोधायची. सापडली तर तिकडचा म्हणतो, माझ्या मशीनवर तर नीट चालतंय. निसटली तर हिलाच सवाल, मग तू तपासलंस काय? काय बनवायचं ते ठरवताना हिला कुणी विचारत नाही. कागद अर्धा येतो, तारीख पुरी येते. प्रोग्रॅमरनं केलेला उशीर तपासणीच्या दिवसांतून कापतात. हिशेबात ही माणूस नाही, 'रिसोर्स'. च्यायला, आमचा मुकादम शिवी देतो, पण नाव घेऊन देतो!

लिहिणारा वर, तपासणारा खाली. ही उतरंड आपल्याला कुणी शिकवायला नको. त्यात डबा उघडला की आडनावाची चौकशी. 'कोट्यातून आलीस का?' अरे, खाजगी कंपनीत कोटा आहेच कुठं? जात विमानानंही जाते. २०२० साली कॅलिफोर्निया राज्याच्या खात्यानं एका बड्या कंपनीवर जातिभेदाचा खटला भरला. २०२३ साली सिएटल शहरानं जातिभेदाला कायद्यानं बंदी केली. आणि हिच्या कंपनीत सांगतात, आमच्याकडं जात नाहीच!

१९४६ साली बाबासाहेब मजूरमंत्री होते. कारखान्यातल्या कामगाराचा आठवडा ५४ तासांवरून ४८ वर आणणारं विधेयक त्यांनी मांडलं. हिचे तास कोण मोजतं?

दोस्तहो, चूक आपलीही आहे. आपल्या पत्रकात गोदी असते, गिरणी असते, गटार असते. एसीत बसलेली पोरगी नसते. पगार बघून आपण तिला मालकाच्या बाजूला ढकलली. घराचा हप्ता, बापाचं औषध त्याच पगारातून जातं, म्हणून ती गप्प बसते. गोदीत एकाचा हात अडकला तर टोळी थांबते. तिच्या बाजूला टोळीच नाही.

पुढच्या सभेला तिला बोलवा. रात्री नको, रात्री ती कामावर असते. रविवारी सकाळी ठेवा, आणि आधी तिला बोलू द्या.