थ्रेडला मारू नका, ‘थांब’ म्हणा

बॅकग्राउंड थ्रेड सुरू करणं हा आता एका ओळीचा खेळ झालाय. रस्टमध्ये ‘स्पॉन’ म्हटलं की झालं. लॉग लिहायला एक थ्रेड, कॅश साफ करायला दुसरा, ईमेल पाठवायला तिसरा. पण हे सगळे थांबवायचे कसे, हे डिझाइनच्या मीटिंगमध्ये सहसा कोणी विचारत नाही. तो प्रश्न येतो रिलीजच्या आदल्या रात्री, प्रोग्रॅम बंद होताना लटकला की मग... माझं मत सरळ आहे: थांबवायचं कसं हे ठरलं नसेल तर थ्रेड सुरूच करू नये.

आता तुम्ही म्हणाल, यात काय एवढं? मारून टाका, विषय संपला! नाही हो मंडळी, तो प्रयोग आधीच होऊन गेलाय. जावामध्ये थ्रेड बाहेरून थांबवायची ‘स्टॉप’ नावाची मेथड होती. थ्रेड मध्येच तोडला की त्याने धरलेली लॉक सुटायची आणि अर्धवट बदललेला डेटा बाकीच्यांसमोर उघडा पडायचा. म्हणून १९९८ साली, जावा १.२ मध्येच, ‘ही वापरू नका’ असं सांगितलं गेलं. २०२३ च्या जावा २० मध्ये तर ती नुसता एक्सेप्शन फेकू लागली. विंडोजच्या ‘टर्मिनेट-थ्रेड’ची तऱ्हा उलटी. मेलेल्या थ्रेडकडे हीपचं लॉक असेल तर ते सुटतच नाही, आणि मेमरी मागणारा पुढचा थ्रेड जागीच अडकतो.

रस्टने हा धडा घेतला. स्टँडर्ड लायब्ररीत थ्रेड मारायची सोयच नाही. छान! पण एक गोष्ट मला खटकते. थ्रेडचं जॉइन-हँडल ड्रॉप झालं की थ्रेड गुपचूप मोकाट सुटतो, ना एरर ना वॉर्निंग. सी प्लस प्लसमध्ये २०११ चा थ्रेड जॉइन न करता सोडला तर अख्खा प्रोग्रॅम कोसळतो, म्हणजे दुसरं टोक. मग २०२० मध्ये ‘जे-थ्रेड’ आला. तो नष्ट होताना आधी थांबायची विनंती करतो, मग थ्रेड संपेपर्यंत वाट बघतो. बॅकग्राउंड वर्करसाठी मला हेच योग्य वाटतं. रस्टवाल्यांनी ते आपल्या हातानं लिहायचं.

कसं? आपला कोपऱ्यावरचा वाणी रात्री काय करतो बघा. शटर अर्धं खाली ओढतो. नवीन गिऱ्हाईक आत येत नाही, आत असलेल्यांचा हिशोब पुरा होतो, मग कुलूप. वर्करला काम चॅनेलमधून द्यायचं. बंद करताना पाठवणारं टोक, म्हणजे सेंडर, ड्रॉप करायचं. रांगेत उरलेली कामं वर्करला मिळत राहतात. ती संपली की ‘रिसीव्ह’ एरर देतं आणि लूप संपतो. मग जॉइन. हा क्रम मात्र उलटवू नका. सेंडर हातात ठेवून आधी जॉइन केलंत तर वर्कर कामाची वाट बघतोय आणि तुम्ही वर्करची, बसा सकाळपर्यंत! म्हणूनच आपल्या स्ट्रक्टच्या ड्रॉपमध्ये सेंडर ‘ऑप्शन’मधून मुद्दाम काढून आधी टाकावा लागतो, कारण फील्ड्स ड्रॉप होतात ते त्या फंक्शननंतर.

रांग पुरी न करता लगेच थांबायचं असेल तर अ‍ॅटॉमिक फ्लॅग ठेवा आणि प्रत्येक कामानंतर तो तपासा. पण साठ सेकंदांच्या ‘स्लीप’मध्ये गेलेल्या थ्रेडला फ्लॅग कुठून दिसणार? तिथे स्लीपऐवजी चॅनेलवर टाइमआउट लावून थांबा. सेंडर गेला की तो तत्क्षणी जागा होतो.

काही जण म्हणतात, प्रोसेस संपली की ऑपरेटिंग सिस्टिम सगळं परत घेतेच ना, मग एवढा उपद्व्याप कशाला? मेमरी परत घेते, कबूल. पण बफरमध्ये राहिलेल्या लॉगच्या ओळी? अर्धी लिहिलेली फाइल? रस्टमध्ये ‘मेन’ संपलं की बाकीचे थ्रेड तिथेच कापले जातात, त्यांचे ड्रॉप चालत नाहीत. आणि रात्री काय बिघडलं हे सांगणाऱ्या ओळी नेमक्या त्या शेवटच्याच असतात.

दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे: वर्करच अडकला तर जॉइन कायमचं थांबेल. खरंय. रस्टच्या जॉइनला टाइमआउट नाही. आणि कुबरनेटीस सिगटर्म पाठवल्यावर मुळात ३० सेकंद देतं, डॉकर १०, त्यानंतर थेट सिगकिल. म्हणून नेटवर्कवरच्या प्रत्येक वाचनाला टाइमआउट हवा, आणि वर्करने ‘झालं’ असा निरोप दुसऱ्या चॅनेलवर द्यावा, म्हणजे मालकाला मोजकीच वाट बघता येते. तेवढ्यात निरोप आला नाही तर निदान कोणता वर्कर अडकला हे लिहून बाहेर पडता येतं.

असो. सोमवारी कोड रिव्ह्यूमध्ये ‘स्पॉन’ दिसलं की तीनच प्रश्न विचारा: याचा मालक कोण? याला ‘थांब’ कोण सांगणार? आणि याने ऐकलं नाही तर किती वेळ थांबायचं? उत्तरं नसतील तर पॅच परत पाठवा. शिव्या खाल, पण शुक्रवारी रात्री शांत झोपाल :)