मेहनत दिसली पाहिजे ना!

पोलीस भरतीच्या यादीत नाव नाही आलं की वर्ष वाया गेल्यासारखं वाटतं. गोंदियातल्या पोरापोरींना हे सांगायला नको. उमेश यादवचंही तेच झालं होतं. नागपूरजवळच्या वलनीतल्या कोळसा खाण कामगाराचा हा मुलगा पोलीस शिपाई व्हायला निघाला, जमलं नाही. विशीपर्यंत तो टेनिस बॉलवरच खेळला. या वयात मोठ्या शहरांतली पोरं अंडर-१९ खेळून मोकळी झालेली असतात!

पुढचं माहीतच आहे. २००८ मध्ये रणजी. २०११ मध्ये विदर्भाचा पहिला कसोटीपटू. २०१५ च्या विश्वचषकात १८ बळी, भारताकडून सर्वाधिक. ५७ कसोटींत १७० बळी.

यातून ‘मेहनत करा’ एवढाच धडा काढणं सोपं आहे. पण पहाटे रस्त्यावर धावणारा प्रत्येक जण मेहनत करतोच की. उमेशच्या बाबतीत वेगळं हे घडलं, की विदर्भाचा तेव्हाचा कर्णधार प्रीतम गंधे याने त्याचा वेग हेरला आणि त्याला पुढे आणलं.

देवरी-सालेकशातही असा वेग असेल. तो बघायला जातं कोण? म्हणून कॉलेजच्या क्रीडा विभागाकडे एकच मागणी करा: वर्षातून एकदा सगळ्यांसाठी खुली, लेदर बॉलची निवड चाचणी. आणि टीममध्ये सीनियर असाल, तर गावाकडची एखादी मॅच बघून या. कुणासाठी शब्द टाकायला कर्णधारच असावं लागतं, असं थोडंच आहे?