पूल झाला, आता उतार हवा

सहलीला निघालेल्या कुटुंबात एक वाक्य हमखास ऐकू येते : "आई, तुम्ही गाडीतच बसा, आम्ही पटकन दर्शन घेऊन येतो." वाक्यात काळजी असते, प्रेमही असते. आई गाडीत बसते, काचेतून दिसेल तेवढ्या कळसाला हात जोडते आणि "माझं काही नाही, तुम्ही सावकाश या" म्हणून सर्वांची अडचण सोडवते. रांजणगाव असो की सिद्धटेक, रविवारी वाहनतळावर अशा आया आणि आजोबा मोजून पाहावेत. त्यांना आपण अपंग म्हणत नाही. चाळीस टक्क्यांचा दाखला त्यांच्यापाशी नसतो. घरात, अंगणात ते हिंडतात-फिरतात. अर्धा किलोमीटर चालणे आणि पंधरा पायऱ्या चढणे एवढेच त्यांना जमत नाही. पण सगळी सहल नेमकी त्या अर्ध्या किलोमीटरात असते.

मीही त्यांतलीच. बत्तीस वर्षे शिरूरला उभ्याने शिकवले; त्याचा हिशेब गुडघ्यांनी निवृत्तीनंतर मांडला. काही वर्षांपूर्वी मुलाकडे अमेरिकेत गेले असताना नातवंडांनी फ्लोरिडातल्या डिस्ने वर्ल्डचा हट्ट धरला. सवयीने मी म्हणाले, "मी घरीच थांबते." मुलाने ऐकले नाही. तिथे दाराशीच बॅटरीवर चालणारी छोटी गाडी भाड्याने मिळाली. खुर्चीसारखी बैठक, समोर हँडल, पुढे टोपली. वेग माणसाच्या झपझप चालण्याइतका. तिथल्या एपकॉट या उद्यानात तळ्याभोवती निरनिराळ्या देशांचे देखावे मांडले आहेत. ती फेरीच सुमारे दोन किलोमीटरची. ती मी पुरी केली. मध्येच नातू रेंगाळला, तेव्हा थांबून मी त्याची वाट पाहिली. कैक वर्षे लोक माझ्यासाठी थांबत आले होते. मी कुणासाठी थांबले, याचे मला फार अप्रूप वाटले.

'तिकडचे सारेच थोर' असा सूर मला लावायचा नाही. गाडीचे भाडे काही थोडे नव्हते. काही खेळांत गाडी बाहेर ठेवून पाळण्याच्या आसनावर सरकावे लागते; ते ज्याला जमत नाही तो बाहेरच राहतो. आणि गाडीवरून उतरून दोन पावले चालले, की 'चालता येते, मग गाडी कशाला?' हा प्रश्न तिथल्याही नजरांत दिसतो. पण खरे नवल त्या गाडीचे नव्हतेच. नवल होते तिच्या खालच्या जमिनीचे. पदपथाच्या कडेला उतार, दुकानांना उंबरठे नाहीत, बसला रस्त्यावर टेकणारा फळा. हे दयेपोटी झालेले नाही. मार्च १९९० मध्ये अनेक अपंगांनी चाकाच्या खुर्च्या खाली सोडल्या आणि वॉशिंग्टनच्या संसद भवनाच्या पायऱ्या ते सरपटत चढले. त्याच वर्षी जुलैत तिथे अपंगांच्या हक्कांचा कायदा झाला.

कायदे आपल्याकडेही आहेत. पहिला १९९५ चा, त्याहून व्यापक २०१६ चा. 'सुगम्य भारत' अभियान २०१५ मध्ये सुरू झाले. सोयींचे नियम नुसत्या शिफारशी असून चालणार नाहीत, ते बंधनकारकच हवेत, असे सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०२४ मध्ये बजावले. महाराष्ट्राने २०२२ मध्ये दिव्यांगांसाठी स्वतंत्र विभाग काढला. त्याच वर्षी पंचाहत्तरी ओलांडलेल्यांना एसटीचा प्रवास मोफत झाला. फार चांगले झाले. पण तिकीट माफ झाले, तरी एसटीची ती उंच पहिली पायरी काही माफ झाली नाही!

अशा बॅटरीच्या गाड्या आता भारतातही विकत मिळतात. पण लहान चाकांची ती गाडी आपल्या खडीत आणि उंबरठ्यांपुढे काय करणार? आमच्या भागातल्या अपंगांनी स्वतःपुरते उत्तर काढले आहे. स्कूटरला मागे दोन जादा चाके लावून ते कामधंद्याला जातात. देवळाच्या दाराशी मात्र तीही स्कूटर थांबते आणि "धरा रे, उचला रे" सुरू होते. उचलणाऱ्यांच्या मायेबद्दल मला शंका नाही. पण उचलून नेलेला माणूस लोक ठेवतील तिथेच असतो. 'जरा दीपमाळेपाशी टेकतो' असे त्याला म्हणता येत नाही. मनाला येईल तिथे थांबता येणे, हीच तर सहल!

यावर ठरलेले उत्तर असते : 'जुन्या दगडी देवळाला हात कसा लावायचा?' मान्य आहे. यवतजवळच्या भुलेश्वराचा अंधारा, अरुंद जिना कुणी फोडावा असे मी म्हणणार नाही. पण दर्शनबारीचे लोखंडी कठडे, स्वच्छतागृहे, प्रसादालये पुरातन आहेत काय? ती तर आपल्याच काळात बांधली. मोराची चिंचोलीसारख्या गावांत शेतावर पाहुणे येतात. राज्याने २०२० मध्ये कृषी पर्यटनाचे धोरणही आणले. तिथे मुरूम दाबून केलेली एक वाट आणि कमोडचे एक स्वच्छतागृह व्हायला काय हरकत आहे? स्वागतकमानीपेक्षा ते स्वस्तातच पडेल. आणि उतार करायचा तो एक फूट उंचीला बारा फूट लांबीचा. मोटारसायकल चढवण्यापुरती घसरगुंडी नको.

'असे लोक येतात किती?' हाही एक प्रश्न असतो. माझे माहेर दौंडकडचे. लहानपणी सिद्धटेकला जायचे तर शिरापूरहून होडीने भीमा ओलांडावी लागे. होडीत चढायला आजी घाबरे. दोघे तिला धरून बसवत. आज तिथे पूल आहे. होडीत बसायला घाबरणारे किती, हे मोजून कुणी तो बांधला नाही. धडधाकट माणसेही त्याच पुलावरून जातात आणि त्याला अशक्तांची सवलत म्हणत नाहीत. शिरूरकरही घोडनदीच्या पुलावरून रोज ये-जा करतात. नदी आडवी आली तर पूल बांधायचा आणि पायरी आडवी आली तर माणसानेच मागे राहायचे, हा कुठला न्याय?

देवस्थानांनी दाराशी दोन-चार बॅटरीच्या गाड्या जरूर ठेवाव्यात. त्यासाठी देणगीदारही मिळतील, गाडीवर नावही झळकेल. उतारावर कुणाचे नाव झळकत नाही, म्हणून तो राहून जातो. पण आधी उतार करावा, गाडी मागाहून आली तरी चालेल.