बोटे कोणाची?

डहाणूजवळच्या नरपडच्या एका कार्यक्रमाची निमंत्रणपत्रिका परवा हाती आली. अध्यक्ष, उद्घाटक, प्रमुख पाहुणे, विशेष उपस्थिती, स्वागतोत्सुक अशी सव्वीस नावे मी मोजली. तळाशी बारीक अक्षरांत एक ओळ: ‘तारपा नृत्य सादर होईल.’ तारपा, म्हणजे भोपळ्याचे ते फुंकवाद्य, वाजवणार कोण? नाव नाही. ज्याचा श्वास तुटला तर सगळा नाच थांबतो, त्या एकट्या माणसाला पत्रिकेत जागा मिळाली नाही.

ही सवय जुनी आहे आणि मोठ्या शहरांनीही ती जोपासली आहे. 1949 च्या ‘अंदाज’मध्ये दिलीपकुमार पियानोपुढे बसतो. आवाज मुकेशचा, चाल नौशादची. हे आपल्याला पाठ आहे. पण पट्ट्यांवर खरोखर फिरलेली बोटे कोणाची, हे किती जणांनी कधी विचारले? त्या काळच्या हिंदी चित्रपटांच्या श्रेयनामावलीत वादकांची नावे क्वचितच येत. लुसिला पाशेको, रॉबर्ट कोरिया हे मुंबईच्या स्टुडिओंतले पियानोवादक. त्यांचे वादन लाखोंनी ऐकले. नावे मात्र जाणकारांपुरती राहिली.

याच स्टुडिओंत व्ही. बलसारा वाजवत होते. विस्तास्प अर्देशीर बलसारा, जन्म मुंबईचा, 22 जून 1922. आडनावच गाव सांगते: बलसार, म्हणजे आजचे वलसाड. डहाणू रोडहून उत्तरेकडे जाणारी गाडी सुमारे तासाभरात तिथे पोचते. पियानो, हार्मोनियम, युनिव्हॉक्स हे विजेवरचे कळवाद्य, जे पुढे येईल त्यावर त्यांचा हात चाले. मुंबईतल्या सिनेवादकांची संघटना उभी करण्यातही ते पुढे होते. पण स्टुडिओत अष्टपैलू असण्याचा अर्थ वेगळा होतो. जो सगळे वाजवतो, त्याला सगळीकडे बोलावतात आणि कुठेच त्याचे नाव लावत नाहीत.

1954 मध्ये तबला-हार्मोनियमवादक ज्ञानप्रकाश घोष यांच्या बोलावण्यावरून बलसारा कोलकात्याला गेले आणि तिथलेच झाले. तिथे त्यांनी रवींद्रसंगीत पियानोवर वाजवले. ज्या वाद्यात मींड निघत नाही, त्यावर बंगालच्या जिव्हाळ्याची गाणी वाजवायची, हे धाडसच होते. बंगालने ते कानांत साठवले. तबकड्या निघाल्या आणि त्यांच्यावर वादकाचे नाव ठळक छापले गेले. 24 मार्च 2005 रोजी कोलकात्यात त्यांचे निधन झाले, तेव्हा बंगालने आपला माणूस गेला म्हणून शोक केला. ज्या मुंबईत ते जन्मले, शिकले, घडले, तिथे त्यांचे नाव आज किती मराठी घरांत निघते?

दोन्ही शहरांत माणूस तोच होता, बोटेही तीच होती. फरक त्या छापलेल्या नावाचा होता. नाव असले की ऐकणारा पुढची तबकडी मागतो, शिकणारा गुरूचे घर शोधत येतो. ते नसले की उरतो तो फक्त ‘पियानोचा तुकडा’. नाहीतर ‘तारपा नृत्य’.

आपल्याच पालघर जिल्ह्यातले, जव्हारच्या वाळवंड्याचे भिकल्या लाडक्या धिंडा यांनी आयुष्यभर तारपा वाजवला, घडवलाही. त्यांचे नाव आज देशाला माहीत आहे. एका तारपावादकाचे नाव इतक्या दूर पोचू शकते, तर नरपडच्या पत्रिकेवर दुसऱ्याचे का छापता येत नाही? त्यासाठी अनुदान लागत नाही, ठराव लागत नाही. पत्रिका छापायला देण्यापूर्वी पाड्यावर जाऊन एक प्रश्न विचारावा लागतो: ‘दादा, तुमचं नाव काय लिहू?’

पुढच्या पत्रिकेत सत्ताविसावे नाव त्याचे हवे. आणि ते सर्वांत वर हवे.